ओट्यावरची वाटी आणि ऱ्होनची हिमनदी

गरम आमटीची स्टीलची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की कधीकधी ती आपली आपण सरकते. कुणी ढकललेलं नसतं, ओट्याचा उतार डोळ्यांना दिसेल एवढा नसतो, आणि वाटी मात्र कुणीतरी हाक मारल्यासारखी हळूच मोरीकडे निघते. आमच्या कराडच्या घरी शहाबादीच्या ओट्यावर असं झालं की आजी म्हणायची, "कुणाला तरी भूक लागलीय बघ." मी पुढे सिव्हिल इंजिनिअर झाले, पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी धरणांच्या पोटात शिरून पाण्याचा दाब मोजण्यात गेली. पण त्या वाटीचा विचार काही कधी केला नाही. तो करायला २०२२ चा जुलै उजाडावा लागला, आणि जागा होती मुलाचं झुरिकमधलं स्वयंपाकघर.

कोविडमुळे दोन वर्षं लांबलेली माझी ती वारी. युरोपात उन्हाने कहर केला होता. झुरिकच्या घरात ना पंखा ना एसी, कारण आजवर तिथे कुणाला लागलाच नव्हता. दुपारी खिडक्यांच्या झडपा ओढून आम्ही अंधारात बसायचो, नागपूरच्या मे महिन्यात बसतात तसे. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, चला, बर्फातच जाऊन बसू," आणि एका शनिवारी फुर्का घाट चढून आम्ही ऱ्होन नदीच्या उगमाशी गेलो.

घाटाच्या ऐन वळणावर बेल्व्हेदेर नावाचं जुनं हॉटेल आहे. बंद पडलंय, पण फोटो काढणाऱ्यांची तिथे ही झुंबड. एके काळी खिडकी उघडली की समोर हिमनदी, अशी ती जागा. आता हिमनदी मागे हटलीय आणि तिच्या पुढ्यात राखाडी पाण्याचं एक तळं साचलंय. तिकीट काढून पायवाटेने खाली उतरलं की बर्फात कोरलेली गुहा लागते. गुहेच्या वर आणि आजूबाजूला पांढरी कापडं पसरलेली, मळलेली, ठिकठिकाणी फाटलेली. लांबून वाटतं, कुणीतरी अख्ख्या गावाच्या गोधड्या डोंगरावर वाळत घातल्यात.

"आजी, बर्फाला थंडी वाजते?" नातवाने विचारलं. वय नऊ.

त्याला म्हटलं, उलट आहे बाळा, ऊन लागू नये म्हणून. आमच्या लहानपणी बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा टाकून वर गोणपाट गुंडाळायचा, तेच हे. त्याला गोणपाट म्हणजे काय ते सांगण्यात पाच मिनिटं गेली.

आत निळा उजेड. भिंतीला हात लावला तर ओल्या काचेसारखी. मानेवर थेंब पडत होते आणि पायाखालच्या फळ्यांच्या खालून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकला आणि मी थबकलेच. ओळखीचा आवाज होता. धरणाच्या गॅलरीत, कडेच्या गटारातून पाझराचं पाणी वाहतं, त्याचा आवाज अगदी हाच.

दारावरचा माणूस मुलाशी जर्मनमध्ये काहीतरी बोलत होता. मुलाने बाहेर आल्यावर सांगितलं की ही गुहा दर वर्षी नव्याने कोरावी लागते. बर्फ खाली सरकत राहतो, त्याच्याबरोबर जुनी गुहाही सरकते, दबते, वाकडी होते.

"बर्फ चालते?" नातू. (त्याच्या मराठीत सगळ्या गोष्टी एकाच लिंगात असतात. मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.)

चालतो. हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि मोजलेलंही याच देशात. १८२७ साली हुगी नावाच्या एका स्विस संशोधकाने उंटरआर नावाच्या हिमनदीवर दगडांची झोपडी बांधली. चौदा वर्षांनी ती मूळ जागेपासून सुमारे १४०० मीटर खाली सापडली. आणि ज्या ऱ्होन हिमनदीच्या पोटात आम्ही उभे होतो, तिच्यावर तर १८७४ पासून दगड रंगवून, बर्फाच्या या काठापासून त्या काठापर्यंत त्यांच्या सरळ रांगा मांडल्या होत्या. दर वर्षी जाऊन बघायचं, रांग किती वाकली. मधले दगड पुढे गेलेले, काठाचे मागे राहिलेले. नदीच्या पाण्याचं होतं तसंच. आपल्याकडे ‘हिमनदी’ हा शब्द ज्याने कुणी रुजवला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आता हा बर्फ चालतो तो दोन तऱ्हांनी. एक म्हणजे स्वतःच्याच वजनाने तो आतल्या आत लवतो, घट्ट कणीक परातीत ठेवली की हळूहळू पसरते तसा. ही चाल संथ आणि वर्षभर जवळपास सारखी. दुसरी चाल म्हणजे अख्खा बर्फ तळाच्या खडकावरून सरकतो. ही मात्र लहरी असते, उन्हाळ्यात वाढते, दुपारी वाढते, पावसाने वाढते. तिच्यामागे पाणी आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत मुलाने नातवाला समजावलं, "वरचा बर्फ वितळून पाणी भेगांतून खाली जातं, खडक ओला होतो, मग बर्फ घसरतो. ओल्या फरशीवर आपण घसरतो तसा."

मागच्या सीटवरून मी म्हणाले, "चूक."

मुलगा कॉम्प्युटरवाला आहे, त्याचा राग नाही. पण हे ‘ओल्या फरशीवर घसरल्यासारखं’ सगळेच सांगतात, आणि त्यात खरी गंमत हरवते. खडक नुसता ओला होऊन भागत नाही. अशा हिमनद्यांचा तळ बारा महिने ओलाच असतो. वरच्या बर्फाच्या दाबाने आणि जमिनीच्या उष्णतेने तिथे बर्फ वितळण्याच्या काठावरच असतो. नुसत्या ओलीने चाल बदलायची असती तर जानेवारीत आणि जुलैत फरक पडला नसता. पाणी तिथे तेलाचं काम करत नाही. ते बर्फाला उचलतं.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. माझी पहिली नेमणूक एका दगडी धरणावर होती, १९८५ साली. कुठलं ते राहू द्या. धरणाच्या पोटात एक गॅलरी असते, माणूस उभा राहून जाईल एवढा बोगदा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जलाशयाचं पाणी पायाच्या खडकातल्या फटींतून धरणाखाली शिरतं आणि खालून वर दाबतं. याला आम्ही सगळे अपलिफ्ट म्हणतो. धरण उभं असतं ते स्वतःच्या वजनावर, आणि हे पाणी ते वजन गुपचूप कमी करत असतं. वजन कमी म्हणजे खडकावरची पकड कमी. म्हणून गॅलरीतून खाली पायात भोकं पाडलेली असतात, पाणी त्यातून निघून जावं आणि दाब मरावा यासाठी. शिवाय काही पाइप दाब मोजण्यासाठी. कुठे गेज लावलेलं असतं, कुठे आपली जुनी पद्धत: टेपच्या टोकाला पितळेची पोकळ टोपी लावून पाइपात सोडायची, पाण्याला टेकली की ‘टुप्’ असा आवाज येतो, तिथे टेपवर वाचायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. गॅलरीत दिवे अर्धे बंद, ओल, वटवाघळं, आणि कान लावून त्या ‘टुप्’ची वाट बघणारी मी आणि आमचे एक मजूर मामा. त्या वयात मला तो आवाज स्वप्नातही यायचा.

तर झुरिकला परतल्यावर मी वाचायला घेतलं (मुलाचा लॅपटॉप, माझा चष्मा, नातवाची लुडबूड), आणि अल्मुट इकेन या बाई भेटल्या. झुरिकच्याच तंत्रविद्यापीठातल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि रॉबर्ट बिंडशाडलर यांनी झेरमाट गावाच्या वर फिंडेलन नावाच्या हिमनदीत गरम पाण्याच्या झोताने तळापर्यंत खोल भोकं पाडली. प्रत्येक भोकात पाणी किती वर उभं राहतं ते बघायचं, आणि त्याच वेळी वर रोवलेल्या खुंट्या किती सरकल्या ते दुर्बिणीने मोजायचं. पाण्याची पातळी चढली की खुंट्या जोरात पळायच्या, उतरली की मंद व्हायच्या. पातळी बर्फाच्या वजनाला भिडण्याइतकी चढत गेली की वेग नुसता वाढत नाही, उसळी मारतो. १९८६ मध्ये त्यांनी हे छापलं. म्हणजे मी ज्या वर्षी पाइपात टेप सोडून ‘टुप्’ ऐकत होते, जवळपास त्याच काळात या बाई आल्प्समध्ये तेच काम करत होत्या. त्यांचं धरण तेवढं चालतं होतं. मला फार बरं वाटलं हे वाचून.

हिशोब सोपा आहे, तोंडी करता येतो. बर्फ पाण्याहून हलका, साधारण नऊ-दशांश. समजा हिमनदी २०० मीटर जाड आहे. तिच्यातल्या उभ्या विवरात पाणी तळापासून १८३ मीटरपर्यंत चढलं, म्हणजे वरून डोकावलं तर सतरा मीटर खाली पाणी दिसतंय, की तळाशी पाण्याचा दाब आणि बर्फाचं वजन सारखं झालं. बर्फ तिथे तरंगायला तयार. तेवढं चढावंच लागतं असंही नाही. नुसतं जवळ आलं तरी खडकाच्या उंचवट्यांवरचा भार हलका होतो, पाणी बर्फाला कडेने उचलून फटी रुंद करतं, आणि पकड सुटते.

त्या विवरांना फ्रेंचमध्ये ‘मुलँ’ म्हणतात, म्हणजे गिरणी. वितळलेल्या पाण्याचा ओढा बर्फावरून वाहत येतो आणि अशा विवरात घरघरत कोसळतो, म्हणून गिरणी. नाव आणखी एका अर्थाने बरोबर बसतं. ऱ्होनचं ते तळ्यातलं पाणी राखाडी का, तर त्यात दगडाचं पीठ आहे. तळाचा बर्फ, त्यात रुतलेल्या दगडगोट्यांसकट, खडकावरून घासत जातो आणि दळतो. बर्फ सरकला नसता तर पीठही पडलं नसतं.

मग वाटीची गोष्ट. त्याच संध्याकाळी सूनबाईने आमटी केली होती. मी इथून नेलेल्या स्टीलच्या वाट्या, बुडाला आत गेलेला खोलगट गोल असलेल्या. तिने ओटा नुकताच पुसला होता. गरम वाटी ठेवली आणि ती निघाली की सिंककडे! नातू ओरडला, "आजी, वाटी चालते!" आणि मला साठीनंतर पहिल्यांदा कळलं की आजीच्या वाटीला नेमकं काय होत होतं. बुडाखाली थोडी हवा अडकते. कडेभोवतीचं पाणी तिला बाहेर जाऊ देत नाही. आमटीच्या उष्णतेने हवा फुगते, दाब वाढतो, वाटीचं वजन तो पेलायला लागतो. मग नावापुरत्या उतारावरही वाटी चालू लागते. ओट्याच्या ओलीने ती घसरत नाही, खालच्या दाबाने हलकी होते. हिमनदीखाली हवेऐवजी पाणी, एवढाच फरक.

इथपर्यंत ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे जितकं जास्त वितळणार, तितकं जास्त पाणी, तितकी ती पळणार. आणि गरमी तर वाढतेच आहे."

मीही तेव्हा हो म्हणाले असते. पण मला आमचे एक साहेब आठवले.

धरणावरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी गॅलरीतली गळती अचानक कमी झाली. व्ही-नॉचवर, म्हणजे गळती मोजायच्या त्रिकोणी खाचेवर, मोजलं तर आधीच्या वर्षाच्या निम्मी. साहेब खूश. "बघा, धरण मुरलं आता, फटी आपोआप बुजल्या," म्हणाले आणि वरती तसा रिपोर्टही गेला. मी रजिस्टर घेऊन केबिनमध्ये गेले, सांगितलं की सर, गळती कमी झाली पण पाइपांतला दाब चढतोय. त्यांना ते पटेना. गळती कमी म्हणजे चांगलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. नेमकं शेंबडं पोर कोण ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. झालं होतं असं की पाण्याबरोबर विरघळून आलेला चुना भोकांत साचला होता, पांढरा, दातांवरच्या किटणासारखा. वाटा बुजल्या, पाणी आत कोंडलं, दाब वाढला. पुढच्या उन्हाळ्यात भोकं पुन्हा पाडून साफ केली. गळती दुपटीहून वाढली आणि दाब खाली आला. वाहणाऱ्या पाण्याची भीती नसते. कोंडलेल्या पाण्याची असते.

हिमनदीचं अगदी हेच आहे, आणि तेही झुरिकच्याच एका माणसाने १९७२ साली गणित मांडून दाखवलं, हान्स रोथलिस्बर्गर यांनी. बर्फाखाली पाण्याने बोगदा पाडला की वाहत्या पाण्याच्या उष्णतेने त्याच्या भिंती वितळत राहतात, बोगदा रुंदावतो. उलट वरच्या बर्फाचं वजन त्याला चेपून बंद करायला बघतं. या रस्सीखेचीत जो बोगदा मोठा झाला त्यातला दाब कमी होतो, आणि मग तो शेजारच्या बारीक वाटांमधलं पाणीही स्वतःकडे ओढून घेतो. हिवाळ्यात पाणी आटलं की बर्फ हे बोगदे पुन्हा चेपून टाकतो. उरतात त्या खडकाच्या उंचवट्यांमागच्या पोकळ्या, एकमेकींना चिंचोळ्या फटींनी जोडलेल्या.

पुण्यात जूनचा पहिला वळीव पडतो तेव्हा काय होतं आठवा. वर्षभराचा कचरा गटारांत, अर्ध्या तासाच्या पावसाने रस्त्यावर गुडघाभर पाणी. तोच पाऊस ऑगस्टात पडला तर (गटारं खरंच मोकळी झाली असतील तर, महापालिकेवर मी जास्त भार टाकत नाही) निघून जातो. वसंतात बर्फाचं पहिलं पाणी तळाशी पोहोचतं तेव्हा खाली फक्त त्या चिंचोळ्या फटी असतात. पाणी मावत नाही, दाब चढतो, अख्खी हिमनदी उचलली जाते. शब्दशः. उंटरआरवर, त्या हुगीच्या झोपडीवाल्या हिमनदीवर, इकेनबाईंनीच उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा पृष्ठभाग अर्ध्या मीटरच्या आसपास वर आल्याचं मोजलंय. आणि वेग तेव्हाच सगळ्यात जास्त. जुलै-ऑगस्टात पाणी कितीतरी जास्त असतं, पण तोवर बोगदे तयार झालेले असतात. हिमनदी मंदावते.

ग्रीनलँडच्या बाबतीत तर या एका गोष्टीवरून शास्त्रज्ञांची झोप उडाली होती. तिथे स्विस कॅम्प नावाचा तळ १९९० मध्ये कॉनराड स्टेफन या स्विस संशोधकाने उभारला. तिथे बर्फ सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड. एवढ्या जाडीतून वरचं पाणी खाली पोहोचत असेल असं कुणाला वाटत नव्हतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी मोजलं तर हिवाळ्यात दिवसाला ३१ सेंटिमीटरच्या आसपास सरकणारा बर्फ उन्हाळ्यात ४० पर्यंत गेला. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि मुलगा जे म्हणाला तेच जग म्हणू लागलं: वितळेल तितका पळेल, पळेल तितका खाली उष्ण भागात येऊन आणखी वितळेल.

पाणी खाली जातं कसं, त्याचा पुरावा २००६ च्या जुलैत मिळाला. बर्फावर साचलेलं साडेपाच चौरस किलोमीटरचं तळं, तळाशी भेग पडून, मुख्यतः दीडेक तासात रिकामं झालं. खाली ९८० मीटर बर्फ होता, तो फोडून पाणी खडकापर्यंत गेलं आणि बर्फ १.२ मीटर उचलला गेला. पाणी होतं ४.४ कोटी घनमीटर. आमच्या भाषेत दीड टीएमसी; खडकवासल्याच्या साठ्याच्या पाऊणपटीहून थोडं जास्तच. सरासरी विसर्ग तीन लाख क्युसेक. मुठेत पस्तीस हजार क्युसेक सोडलं की सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांमध्ये होड्या काढाव्या लागतात, यावरून काय ते समजा. क्युसेकमध्ये मांडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही, हा नोकरीचा दोष.

पण पुढच्या वर्षांत उपग्रहांची चित्रं जमत गेली तसं वेगळंच दिसू लागलं. २०१५ मध्ये एक अभ्यास आला: नैऋत्य ग्रीनलँडमध्ये, जिथे बर्फ समुद्रापर्यंत न जाता जमिनीवरच संपतो, तिथे वितळण्याचं प्रमाण दीडपट झालं आणि वर्षाची सरासरी चाल सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाली. आमच्या साहेबांची गळती, उलट्या बाजूने. भरपूर पाणी, मोठे बोगदे, उन्हाळा सरताना आसपासच्या फटींतलंही पाणी निचरून गेलेलं, आणि बर्फ पुढचा हिवाळाभर खडकावर घट्ट बसलेला. म्हणजे ग्रीनलँड सुरक्षित आहे असा अर्थ कुणी काढू नये. बर्फ तर वितळतोच आहे, आणि ज्या हिमनद्यांची तोंडं समुद्रात आहेत त्यांच्या वेगाची कारणं वेगळी, तिथे खालून समुद्राचं पाणी खातं. पण ‘पाणी वाढलं की वेग वाढला’ हे सरळ त्रैराशिक तिथे बसत नाही, एवढं मी मुलाला लॅपटॉपवर दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे प्रश्न बँडविड्थचा आहे." तसं म्हण.

स्टेफन २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच स्विस कॅम्पजवळ बर्फाच्या भेगेत पडून गेले. भेगेत पाणी होतं. तीस वर्षं ज्या बर्फाचं वितळणं मोजलं त्याच्यातच. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ गॅलरीत, म्हणजे घराच्या गॅलरीत, जाऊन बसले. आमचे ते मजूर मामा धरणाच्या गॅलरीत दोनदा घसरून पडले होते, एकदा मनगट मोडलं. रजिस्टरमध्ये फक्त आकडा राहतो.

आणि पाण्याला वाट मिळालीच नाही तर? अलास्कातल्या व्हेरिगेटेड हिमनदीत १९८२-८३ मध्ये तेच झालं. बार्कली कॅम्ब आणि त्यांचे सहकारी तिथे ठाण मांडून होते. बोगदे बनेचनात, पाणी पोकळ्यांमध्येच कोंडून राहिलं, आणि हिमनदी उधळली: दिवसाला ६५ मीटरपर्यंत. तासाला पावणेतीन मीटर म्हणजे डोळ्यांना दिसेल अशी चाल! जुलै १९८३ च्या सुरुवातीला तळातून गढूळ पाण्याचा लोंढा बाहेर पडला आणि हिमनदी जवळपास तिथल्या तिथे थांबली. भोकं साफ झाली, दाब उतरला.

काराकोरममध्ये अशा उधळणाऱ्या हिमनद्या बऱ्याच आहेत. मी झुरिकला जाण्याच्या दोनच महिने आधी, ७ मे २०२२ ला, हुंझा भागातल्या हसनाबादचा पूल पुरात कोसळला. तो व्हिडिओ आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर चार जणांनी चार वेळा पाठवला होता आणि खाली पुलाच्या पायाच्या डिझाइनवर वाद रंगला होता. पूर कुठून आला ते कुणी विचारलं नाही. तिथली शिश्पर हिमनदी २०१८ पासून अशीच पुढे धावत आली होती, शेजारच्या ओढ्याची वाट तिने अडवली, मागे तळं साचलं, आणि ते तळं बर्फाखालून फुटत राहिलं.

आणि आम्ही फुर्काला गेलो त्याच्या आधीच, ३ जुलैला, इटलीत मार्मोलादा डोंगरावर हिमनदीचा एक तुकडा तुटून अकरा गिर्यारोहक गेले. वरच्या बाजूच्या भेगेत वितळलेलं पाणी भरलं होतं. सूनबाई त्या बातमीने घाबरलेलीच होती, गुहेत ती फार वेळ थांबली नाही. मी तिला म्हटलं, इथे खालून पाणी वाहतंय, आवाज येतोय ना, मग काळजी नको. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुकाट्याने बाहेर आले. खरं सांगायचं तर अशा ठिकाणी पेन्शनर बाईच्या भरवशावर कुणी थांबूही नये. त्या वर्षी स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी एका वर्षात सहा टक्क्यांहून जास्त बर्फ गमावला, हे नंतर कळलं.

परत येण्याआधी एक दिवस ल्युसर्नला गेलो. आपल्या टूरच्या बसगाड्या तिथे खडकात कोरलेल्या सिंहापाशी थांबतात, फोटो होतात, चॉकलेटं होतात, बस सुटते. त्या सिंहाला लागूनच हिमनदीची बाग आहे, तिथे मराठी माणूस सहसा शिरत नाही. १८७२ मध्ये एकाने वाइनच्या तळघरासाठी खणायला घेतलं आणि खडकात गुळगुळीत प्रचंड रांजण सापडले. सगळ्यात मोठा साडेनऊ मीटर खोल, आठ मीटर रुंद. नातवाला मी निघोजला नेलेलं आहे, कुकडी नदीतले रांजणखळगे दाखवलेत. तो कठड्यावरून वाकून म्हणाला, "आजी, निघोज!" बरोबर, तेच काम, गोट्यांना गरगर फिरवणाऱ्या पाण्याचं. फरक एवढाच की निघोजला नदी उघड्यावर वाहते आणि इथे, वीसएक हजार वर्षांपूर्वी, डोक्यावर हिमनदी होती. तिच्या तळाशी कोंडलेल्या पाण्याने हे कोरलंय. मी त्या खळग्याच्या काठावर बराच वेळ उभी होते. मुलगा घड्याळ बघत होता.

डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर नातवाने मला एक वही दाखवली. वाटीचं रजिस्टर. मीच सांगून आले होते की नुसतं बघायचं नाही, लिहायचं. तारीख, ओटा ओला की कोरडा, आमटी गरम की गार, वाटी किती सरकली. सगळं जर्मनमध्ये, ‘आमटी’ आणि ‘वाटी’ तेवढे आपले. त्याने पट्टी लावून मोजलं होतं. गरम आमटी, ओला ओटा: २३ सेंटिमीटर. गरम आमटी, कोरडा ओटा: शून्य. गार आमटी, ओला ओटा: शून्य. मग पुन्हा गरम आमटी, ओला ओटा, पण या वेळी बुडाला खळगा नसलेली सपाट वाटी: शून्य. ही चौथी नोंद मी सुचवली नव्हती.

त्याखाली तीन आडव्या रेघा होत्या. हे काय, विचारलं. म्हणाला, "आमटी संपलं. आईने उद्या वरण करणार आहे."